हाताचा गुण

"चिकटे त्याला बाई, आपलं म्हणू नये
गाईच्या गोचिडीला, वासरू गणू नये"

आत्या हे गोठ्यात म्हणायची. धार काढून झाली की गाईच्या कानामागं, मानेखाली, मांडीच्या बेचक्यात बोटं फिरवत ती एकेक गोचीड उपटून काढी आणि एकेकीबरोबर ही ओळ म्हणे. आवाज काही गोड नव्हता. सुपात दाणे घोळावेत तसा भरड होता. पायरीवर बसलेल्या भाचीला हसू यायचं. गोचिडीला कुणी वासरू कसं समजेल? आत्या म्हणायची, "हस, हस. माणसं समजतात गं. अंगाला लागलं की माया बसते."

आत्या गेली, गोठा गेला. भाची शिकली, गावं बदलत गेली, केसांत पांढरं आलं. आवाज मात्र कानाच्या कुठल्याशा कोपऱ्यात मुक्कामाला राहिला होता. एका दुपारी प्रयोगशाळेत हातात रिकामी ट्यूब धरून ती उभी असताना तो इतका जवळून आला, की तिनं मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं. धुतलेल्या काचेच्या बाटल्या तेवढ्या पालथ्या घातलेल्या होत्या.

प्रयोगशाळेत तिला थोरली म्हणत. दोघी जणी कामाला, एक वयानं मोठी, दुसरी लहान. सरांनी एकदा गमतीनं थोरली-धाकटी म्हटलं आणि तीच नावं पडली. नात्यानं त्या एकमेकींच्या कुणी नव्हत्या. पण धाकटी तिला ताई म्हणायची आणि तिच्या डब्यातलं न विचारता खायची. एवढं नातं पुष्कळ झालं.

त्यांचं काम सांगू लागलं तर परीकथेसारखं वाटतं. सोनं केसाच्या हजाराव्या हिश्शाइतकं बारीक झालं की ते चिमट्यात येत नाही, हातोडीला जुमानत नाही. मग त्याची तार ओढायची कशी? त्यावर निसर्गातच एक तोड आहे. प्रथिनाचा इवलासा तुकडा असतो, त्याला म्हणायचं पेप्टाइड. बारा मण्यांची माळच म्हणा ना. काही माळांना एखाद्या धातूची ओढ असते. कुणी सोन्याला बिलगते, कुणी चांदीला, कुणी काचेला. सोन्याला बिलगणारी माळ सापडली, की ती चिपवर रेघेत अंथरायची आणि वरून सोन्याचे कण सोडायचे. कण मुंग्यांसारखे आपसूक रांगेला लागतात आणि तार तयार होते. त्या तारेवरून पिण्याच्या पाण्यातलं शिसं ओळखणारं यंत्र करायचं, नळाच्या तोटीत बसेल एवढं, असा सगळा घाट होता. माळ शोधायची थोरलीनं, तार बांधायची धाकटीनं.

माळ शोधण्याला त्या पॅनिंग म्हणत. वाळू धुऊन सोनं काढतात, त्यावरून आलेला शब्द. कोट्यवधी निरुपद्रवी विषाणू घ्यायचे, प्रत्येकाच्या अंगावर वेगळी माळ. ते सोन्याच्या भुकटीवर ओतायचे, ट्यूब हलवायची आणि धुवायची. न चिकटलेले वाहून जातात. चिकटलेले ठेवायचे, त्यांची वीण वाढवायची, पुन्हा ओतायचे, पुन्हा धुवायचे. शेवटी उरतात ते खरे आशिक, असं सर म्हणत. पथ्य एकच होतं. दर फेरीला भुकटी नव्या ट्यूबमध्ये काढून घ्यायची. कारण विषाणूला सोन्याची काय मातब्बरी? काही सोन्याकडे ढुंकून बघत नाहीत, ट्यूबच्या प्लास्टिकलाच चिकटून बसतात. जेवायला बोलावलेल्या पाहुण्यानं ताटाच्याच प्रेमात पडावं तसे.

थोरली हाताची जपून. तिच्या टेबलावर थेंब सांडलेला कुणी पाहिला नव्हता. भुकटी नव्या ट्यूबमध्ये काढताना दर वेळी थोडी जुनीच्या भिंतीला राहायची आणि वाया जायची. ते तिच्या जिवावर यायचं. शेवटच्या फेऱ्यांना भुकटी चिमूटभर उरली, तेव्हा तिनं ट्यूब बदललीच नाही. नीट धुतलं की झालं, असं तिनं मनाशी म्हटलं आणि एरवीपेक्षा जास्त वेळा धुतलं. लबाडी नव्हती त्यात. स्वतःच्या हातावरचा भरवसा होता, आणि तो तिच्या एकटीचा नव्हता. पाहुणे आले की सर तिच्याकडे बोट दाखवून म्हणत, "हिच्या हाताला गुण आहे. हिनं पाण्यात काडी बुडवली तरी प्रयोग यशस्वी होतो."

माळ सापडली. तपासणीही झाली. ठरावीक माळा द्रवात सोडायच्या, सोन्याबरोबर हलवायच्या आणि द्रवात किती उरल्या ते मोजायचं. जवळजवळ काहीच उरलं नाही, म्हणजे सगळ्या सोन्याला जाऊन बिलगल्या. रिकाम्या ट्यूबमध्ये, सोनं न घालता, हेच करून बघायचं असतं. तेवढं राहिलं. मागच्या माळेच्या वेळी केलं होतं, तेव्हा ठीक आलं होतं, मग पुन्हा कशाला? त्या माळेवरचा पेपर छापून आला. परक्या देशातल्या कुणी तरी लिहिलं, आमच्याकडे ही माळ चालत नाही. सर हसले. "त्यांना धुवायला येत नसेल."

मग धाकटीची पाळी आली, आणि तार काही केल्या जुळेना.

धाकटी हुशार होती, तोंडाळ होती, आणि काम करताना गुणगुणायची. पहिले काही महिने ती हसतच होती. "ताई, कण आले, बसले, आणि मी पाठ फिरवली की उठून गेले. आमच्या नातेवाइकांसारखेच आहेत." चिप नवी घेतली, माळ ज्यात सोडतात तो द्रव, बफर, बदलला, पाणी दुसरीकडचं आणलं. एखाद्या वेळी चार कण ओळीत दिसायचे, तिचा चेहरा उजळायचा. दुसऱ्या दिवशी तिथं काहीच नसायचं. मग गुणगुणणं थांबलं.

सर वाईट नव्हते. त्यांना घाई होती एवढंच. बैठकीत ते म्हणाले, "पेप्टाइड तर सिद्ध झालेलं आहे. म्हणजे राहिलं काय? हात." ते धाकटीकडे न बघता म्हणाले, हे त्यांना सौजन्य वाटलं असावं. धाकटीनं दोन्ही हात टेबलाखाली घेतले. थोरलीनं ते पाहिलं.

म्हणूनच ती त्या दुपारी थांबली होती. धाकटी रजेवर होती. आपण सगळं नव्यानं तपासावं, म्हणजे पोरीला छातीठोकपणे सांगता येईल की माळ चोख आहे, तू डगमगू नकोस. राहिलेली रिकामी ट्यूब लावली ती अशी, मायेपोटी. सोनं घातलंच नाही. हलवली, मोजलं.

द्रवात माळ नव्हती.

तिनं पुन्हा केलं. मग काचेच्या बाटलीत केलं, भरपूर सोनं घालून. काचेत माळ जशीच्या तशी द्रवात तरंगत होती. सोनं तळाशी, माळ वर. एकमेकांशी ओळखदेख नसल्यासारखी. तेव्हा आत्याचा तो भरड आवाज आला होता.

तिला अजून आठवतं, पहिल्यांदा तिला वाईट वाटलंच नाही. उलट एखादा किचकट हिशेब सुटावा तसं लख्ख वाटलं. सगळं जुळलं: परदेशचं पत्र, उठून जाणारे कण, टेबलाखाली गेलेले हात. ती उठून सरांकडे निघालीच होती, तोच सरच दारातून आत आले.

"थोरले, तोंड गोड कर. वरून होकार आला. मी निवृत्त झालो की विभाग तुझ्याकडे. तुझ्या त्या पेप्टाइडनं काम केलं बघ."

ती उभी राहिली, हातात ट्यूब तशीच. "सर," ती म्हणाली.

"बोल ना."

"काही नाही. बरं झालं."

उद्या सांगू, असं तिनं ठरवलं. आज नको, आज माणूस आनंदात आहे. तिनं ट्यूब कचऱ्याच्या डब्यात टाकली, बाटली धुतली, पालथी घातली. उद्या आला, त्याच्यामागून दुसरा आला. न सांगण्याचीही सवय लागते. आधी बोचते, मग चपलेसारखी पायाला बसते. आत्याचीच दुसरी ओळ होती त्यावर:

"पोटातल्या गोष्टीला, आले बाई मोड
आजचं कडू काही, उद्या होईना गोड"

पण ही ओळ थोरली पुढं येऊ देत नसे.

आणि ती गप्प बसली असती तरी एक वेळ चाललं असतं. ती गप्प बसली नाही. ती धाकटीला शिकवू लागली.

"अगं, मनगट टेकव टेबलाला. तुझा हात हवेत राहतो."

"असं?"

"थोडं खाली. आता श्वास सोड आणि मग थेंब टाक. घाई नको."

धाकटी मनगट टेकवायची, श्वास सोडायची, थेंब टाकायची. डोळे बारीक, ओठ दाताखाली. थोरली शेजारी उभी राहून बघायची. थेंब सुरेख पडायचा. एवढा नेमका थेंब टाकणारं माणूस थोरलीनं उभ्या आयुष्यात दुसरं पाहिलं नव्हतं. आणि ती म्हणायची, "बघ, सुधारतंय. पण अजून कंप आहे."

कंप नव्हता. ती म्हणत राहिली तसा मात्र येऊ लागला.

घरी नवरा भूगोलाचा मास्तर. जेवताना रोज धाकटीचं पुराण ऐकून तो कंटाळला. तिचं कसं होणार, ती बारीक झाली, तिनं डबा आणला नव्हता.

"एवढी काळजी आहे तर दत्तक घेऊ या तिला," तो म्हणाला. "आपला पोरगा नाही तरी फोन उचलत नाही."

"थट्टा नको."

"थट्टा नाही. तू सहा महिन्यांत माझ्याबद्दल एक वाक्य बोलली नाहीस. माझा दात काढला, तेही तुला शेजारणीकडून कळलं." मग त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. "तिचं काही देणं लागतेस का तू?"

"मी कशाला लागू?" ती म्हणाली आणि उठून भांडी घासायला लागली, जी घासून झालेली होती.

हिवाळ्याच्या सुरुवातीला धाकटी एकदा उशिरा आली. कोट अडकवत म्हणाली, "डॉक्टरांकडे गेले होते. नसांच्या."

"का गं? काय झालं?"

"हात दाखवायला. त्यांनी मला बोट नाकाला लावायला सांगितलं, मग त्यांच्या बोटाला, मग परत नाकाला. मला वाटलं, ह्यांनी आता फुगडी घालायला सांगू नये म्हणजे मिळवली." ती हसली. "म्हणाले, तुमचे हात घड्याळजीचे आहेत. काहीही झालेलं नाही."

"मग झालं तर."

"त्यांना काय कळतंय, ताई? त्यांनी माझी चिप कुठं बघितलीय?"

ती असं म्हणाली तेही हसतच. थोरलीनं थेंब टाकायच्या पिपेटची पेटी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. आता, तिचं मन म्हणालं. आता. पण धाकटीच पुढं बोलू लागली, दुसरीकडं बघत, आवाज सहज ठेवून.

"बहीण बाळंतपणाला आलीय ना. बाळ गोड आहे हो. पण मी घेत नाही उचलून. आई रागावते, अगं मावशी ना तू, घे की. मी म्हणते, सर्दी झालीय. किती दिवस सर्दी सांगणार?" तिनं आपले तळवे पुढं धरून पाहिले, दुकानात एखादी वस्तू परत करायला आणावी तसे. "माझ्या हातून थेंब नीट पडत नाही, आणि मूल नीट राहील?"

खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची साखळी बसवत होतं. ती निसटत होती, तो पुन्हा बसवत होता. थोरली तिकडे बघत राहिली. धाकटी म्हणाली, "मी ह्या महिनाअखेरीला सोडतेय, ताई. सरांना सांगितलंय. मेव्हण्याचं फरशांचं दुकान आहे, तिथं बसेन. फरशा जाड असतात, बऱ्या."

त्या संध्याकाळी थोरली घरी पायी गेली. वाटेत तिनं सगळं मनात मांडलं, तोलून पाहिलं, आणि तिला एक वाट दिसली. गोष्ट सांगायची, पण आजच कळल्यासारखी. पोरीचं भलं होईल, खरं बाहेर येईल, आणि मधले महिने कुणाच्या लक्षातही येणार नाहीत. ते तसे कुठं दिसतात? खोटं असं त्यात काही नाही. फक्त तारीख सरकवायची. इतकी सोपी वाट आधी का सुचली नाही, याचंच तिला नवल वाटलं. रात्री झोपही लागली.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "धाकटे, जायच्या आधी एक गंमत करू या. एक रिकामी ट्यूब लावून बघू."

"रिकामी? आणि ती कशाला?"

"सहज. म्हातारपणाची हौस म्हण."

ट्यूब हलली, द्रव मोजला. आकडा पडद्यावर आला. थोरलीनं भुवया उंचावल्या. उंचावताना तिला जाणवलं, की या भुवया आपण काल वाटेत ठरवून ठेवल्या होत्या.

धाकटी पडद्याजवळ वाकली. "ताई, यात सोनं नव्हतं."

"नव्हतं."

"मग माळ गेली कुठं?"

धाकटीनं ट्यूब उचलली, उजेडाकडे धरली, जणू काही दिसणारच होतं. तिच्या चेहऱ्यावरून एकेक गोष्ट सरकत गेली. मग ती खालीच बसली, टेबलाला पाठ लावून, जमिनीवर, आणि दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून त्यांच्याकडे बघत राहिली.

"प्लास्टिक," ती म्हणाली. "ती प्लास्टिकला चिकटते. इतके दिवस." आणि मग अगदी हळू, "मी नव्हते."

"नाही गं. तू नव्हतीस."

सर आले. त्यांनी काचेतला प्रयोग स्वतः करवून घेतला, चष्मा काढला, पुसला, घातला. "पेपर मागं घ्यावा लागेल," शेवटी ते म्हणाले. "सगळीकडे कळवावं लागेल. हसतील लोक." मग धाकटीकडे वळून, आणि या वेळी तिच्याकडे बघून, "मी तुझ्या हातांना बोललो. चुकलो. तुझा राजीनामा माझ्या खणात आहे, तो मी फाडतो. चालेल?"

धाकटीनं मान डोलावली.

"आणि तू," सर थोरलीला म्हणाले, "तुला काय म्हणू? आपलं नाव असलेली गोष्ट आपल्याच हातानं पुसायची, याला काळीज लागतं. मी तुझ्या जागी असतो तर ती ट्यूब कचऱ्यात टाकली असती."

ते थट्टेनं म्हणाले. धाकटी हसली, सर हसले. थोरलीही हसली.

तिला वाटलं होतं, सांगितलं की सुटू. झालं उलटंच. सर भेटेल त्याला ही गोष्ट सांगू लागले. नव्या मुलांना शिकवताना सांगत, "प्रामाणिकपणा पुस्तकात नसतो, तो तिकडे कोपऱ्यातल्या टेबलावर बसतो." मुलं माना वळवून बघत. विभाग तिच्याकडेच येणार हे तर ठरलंच, उलट आता अधिक मानानं. धाकटी पुन्हा गुणगुणू लागली. नवी माळ शोधायला दोघी बसल्या तेव्हा धाकटी दर फेरीला ट्यूब बदले आणि म्हणे, "गुरूकडून शिकलेय." प्रत्येक शब्द साखरेत घोळलेला, आणि थोरलीला वाटे, आपण खोटं नाणं घेऊन देवळात बसलोय आणि लोक नमस्कार करून चाललेत.

पूर्वी एक ओझं होतं. आता त्यावर हार पडत होते.

रविवारी धाकटीनं घरी बोलावलं. "आई ऐकतच नाही. म्हणते, तुझ्या ताईला बघायचंय मला. नाही म्हणू नका, नाहीतर ती इथं येईल, आणि ती आली की जात नाही."

घर जिन्याच्या टोकाला होतं, दोन खोल्यांचं. दारातच शिवणयंत्र, त्यावर अर्धी शिवलेली लंगोटी. दोरीवर लहान लहान कपडे वाळत होते, एवढाले, की मुठीत मावावेत. बहीण आतल्या खोलीत झोपली होती. आई पुढं आली, ठेंगणी, दमदार बाई, आणि तिनं थोरलीचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

"हेच ते हात," ती म्हणाली.

"आई, बसू तर दे त्यांना."

"बसतील. मी काय पळवून नेतेय?" तिनं थोरलीला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः समोर, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल अशी बसली. "तुम्हाला सांगते, ही पोर रोज रात्री उशीत तोंड घालून रडायची. मला वाटायचं कुणी मुलगा-बिलगा आहे. म्हटलं, कोण मेला आहे तो, घेऊन ये, बघते त्याला. तर म्हणाली, आई, माझे हात गेले. हात गेले म्हणजे काय? मी तिचे हात दाबून बघितले. मला तर चांगले लागले."

"आई."

"बोलू दे गं. हिच्या हातून मी सुईत दोरा ओवून घ्यायची, तेही बंद केलं हिनं. म्हणाली, मला सांगू नकोस." बाईनं पदरानं डोळे टिपले आणि लगेच चहाकडे उठली. "देव भेटत नाही म्हणतात. माणसं भेटतात."

आतून बाळ कुरकुरलं. धाकटी गेली आणि त्याला घेऊन आली. घेण्यात काही अवघडलेपण नव्हतं. एक हात मानेखाली, एक पाठीखाली, असं की बाळाला आपण उचललो गेलोय याचा पत्ताही नसावा. ती खिडकीपाशी उभी राहून डोलू लागली आणि बाळाशी बोलू लागली.

"ही बघ कोण आलीय. ही ना, तुझी मोठी मावशी. हिनं काय केलं माहितेय? दुसरं कुणी असतं ना, तर लपवलं असतं, एवढं मोठं नाव, कोण सांगणार? पण हिला दुपारी कळलं आणि हिनं दुपारीच सांगितलं. तू मोठा झालास की असा हो."

चहा समोर आला होता. थोरलीनं कप उचलला. तिनं तो खाली ठेवला. बाळाचे डोळे तिच्यावर लागले होते, काही न मागता, काही न देता. पंख्याकडे बघावं तसं ते तिच्याकडे बघत होतं. ते काही समजून घेणार नव्हतं. तरी त्याच्या कानावर पडलेली पहिली गोष्ट खोटी असावी, हे तिला सोसवेना. उठून जाता येईल, तिला वाटलं. चहा प्यावा, आशीर्वाद द्यावा, जिना उतरावा. धाकटीचे हात तिला परत मिळालेच आहेत. आता बोलून कुणाचं भलं होणार?

कुणाचंच नाही, बहुधा. हे तिला पुरतं ठाऊक होतं, आणि तरी तोंड उघडलं गेलं.

"मला त्या दिवशी नाही कळलं," ती म्हणाली.

धाकटी डोलायची थांबली नाही. "काय, ताई?"

"रिकामी ट्यूब. मी आधीच लावली होती. उन्हाळ्यात, तू रजेवर होतीस तेव्हा. काचेतही केलं. मला सगळं कळलं होतं. मी ती ट्यूब कचऱ्यात टाकली."

आईचा हात साखरेच्या डब्यावर तसाच राहिला. धाकटी आता थांबली होती. तिनं बाळाला थोडं वर, खांद्याशी घेतलं.

"उन्हाळ्यात," ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे मी डॉक्टरांकडे..."

"त्याच्या कितीतरी आधी."

"आणि मनगट टेकव म्हणायचात ते?"

"तेव्हाही माहीत होतं. तुझ्या हाताला कंप नव्हता. तुझ्यासारखा थेंब मला कधी जमला नाही."

धाकटी तिच्याकडे बघत होती, राग यायला अजून वेळ होता अशा नजरेनं. "का, ताई?" तिनं विचारलं. "सरांना घाबरलात? पद जाईल म्हणून?"

हो म्हणणं सोपं होतं. ते अर्धं खरंही होतं, आणि अर्ध्या खऱ्यानं काय होतं ते थोरलीनं पाहिलं होतं. तिनं कप दूर सारला.

"पदाचं होतं. पण तेवढंच असतं तर मी नुसती गप्प बसले असते," ती म्हणाली. "सर म्हणाले ना, हात. ते तुझ्याबद्दल म्हणाले आणि मला बरं वाटलं. आत कुठंतरी गार वाटलं. दोघींपैकी कुणाचे तरी हात वाईट ठरणारच होते गं, आणि तुझे ठरत होते तोवर माझे चांगले राहत होते. म्हणून मी तुला शिकवत होते."